भूल दिल्यावर नेमकं काय जातं?

मागच्या खेपेला आपण सुषुप्तीविषयी, म्हणजे गाढ झोपेविषयी बोललो होतो. त्यानंतर बरेच प्रश्न आले. त्यांतले दोन मी आज मुद्दाम घेतले आहेत. दोन्ही अगदी विरुद्ध टोकांचे आहेत, पण माझ्या मते दोघांची चूक एकच आहे.

एका श्रोत्यांचं म्हणणं असं, की नसेतून औषध जातं, अर्ध्या मिनिटात जाणीव बंद. औषध उतरलं की पुन्हा चालू. दिव्याच्या बटणासारखं. रसायनाने जी गोष्ट बंद-चालू होते ती मेंदूचंच काम असणार, मग आत्म्याची चर्चा हवीच कशाला? दुसरं पत्र एका बाईंचं आहे. त्या म्हणतात, भूल म्हणजे औषधाने आणलेली सुषुप्ती. मन लय पावतं, पण साक्षी तिथेही असतोच.

आता बघा, एक जण म्हणतात जाणीव गेली, दुसऱ्या म्हणतात राहिली. पण भूल दिलेल्या माणसाबद्दल आपल्याला खरोखर काय माहीत असतं, हे दोघांनीही विचारलेलं नाही. सहसा माहीत असतात त्या दोनच गोष्टी. त्या वेळी तो हलत-बोलत नव्हता, आणि नंतर त्याला काही आठवलं नाही. यावरून ‘त्याला काही कळत नव्हतं’ हे निघतं का? आजचं माझं बोलणं एवढ्याच प्रश्नाभोवती आहे.

तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल देणारी डॉक्टर तिशीतली मुलगी होती. ‘काका, हाताला जरा चुरचुरेल हं,’ असं म्हणाली. चुरचुरलं. मी तिला काहीतरी विचारणार होतो, सवयच ना प्रश्न विचारायची, आणि तेवढ्यात तिचाच आवाज आला, ‘काका, डोळे उघडा, झालं.’ मला वाटलं, ही चेष्टा करतेय. मधले दोन तास नव्हतेच. झोप कितीही गाढ लागली तरी उठल्यावर काही वेळ गेला असं वाटतं. इथे एक क्षण दुसऱ्या क्षणाला थेट शिवून टाकलेला.

हा अनुभव इतका जबरदस्त असतो की माणूस लगेच म्हणतो, ‘मी तिथे नव्हतोच.’ मीही बायकोला हेच सांगितलं. नंतर घरी पडल्यापडल्या माझं मलाच खटकलं. ‘मला आठवत नाही’ हे विधान आत्ताचं आहे. ‘मला कळत नव्हतं’ हे विधान तेव्हाचं. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला मधे काहीतरी आधार लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता.

शब्दांकडेच बघा. ‘ॲनेस्थेशिया’ हा शब्द १८४६ साली ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सुचवला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १६ ऑक्टोबरला विल्यम मॉर्टन यांनी इथरचा जाहीर प्रयोग केला, त्यानंतर थोड्याच आठवड्यांत. ग्रीक मुळाप्रमाणे अर्थ होतो, संवेदना नसणं. मराठीने घेतला ‘भूल’. भूल म्हणजे विसर, भुरळ, चकवा. रानात भूल पडलेला माणूस बेशुद्ध नसतो, चालतच असतो, फक्त वाट हरवलेली असते. आणि औषध उतरलं की आपण म्हणतो, ‘शुद्धीवर आला.’ म्हणजे एकाच घटनेला संवेदना, विसर आणि शुद्ध अशा तीन वेगळ्या गोष्टींची नावं मिळाली. शब्दावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मीच जन्मभर वर्गात सांगत आलो. पण या तीन गोष्टी खरोखरच वेगळ्या आहेत, आणि त्या औषधाने एकेक करून सुट्या करता येतात.

विसर घ्या. तुमच्यापैकी कुणाची कोलोनोस्कोपी झाली असेल तर मिडाझोलॅम हे नाव कानावर पडलं असेल. ते बेताने दिलं तर माणूस कुशीवर वळा म्हटलं की वळतो, विचारलं तर उत्तर देतो, दुखलं तर ‘आई गं’ म्हणतो. तासाभराने त्याला विचारा. ‘काही नाही हो, कळलंसुद्धा नाही.’ खोलीतल्या सगळ्यांनी त्याचं कण्हणं ऐकलेलं असतं. इथे त्याची साक्ष प्रामाणिक आहे आणि चुकीचीही आहे. औषधाने नवी आठवण बनू दिली नाही, अनुभव मात्र होऊन गेला. मग माझ्या दोन तासांबद्दल माझीच साक्ष का ग्राह्य धरायची?

आता दुसरी बाजू, हालचालीची. १९४२ साली माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी क्युरारे हे औषध भुलेच्या जोडीला वापरायला सुरुवात केली. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाला लावत ते हे विष. त्याने स्नायू लुळे पडतात, सर्जनचं काम सोपं होतं. पण त्याने शुद्धही जाते की काय, यावर तेव्हा डॉक्टरांतच घोळ होता, कारण रुग्ण हलतच नाही तर सांगणार कोण? स्कॉट स्मिथ या अमेरिकन भूलतज्ज्ञाने काय करावं? त्याने स्वतःलाच ते टोचून घेतलं. श्वास बंद पडायला जेवढं पुरतं त्याच्या अडीच पट. सहकारी त्याला कृत्रिम श्वास देत राहिले. बोट हलत नाही, पापणी हलत नाही. आणि उतरल्यावर त्याने सांगितलं, मी पूर्ण जागा होतो, सगळं ऐकत होतो, सगळं जाणवत होतं. हे १९४७ साली प्रसिद्ध झालं. माझ्या मते चेतनेच्या अभ्यासातला हा एक फार मोठा प्रयोग आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत तो क्वचितच भेटतो.

म्हणजे माणूस जागा असून हलणार नाही, असं होऊ शकतं. जागा असून नंतर विसरेल, असंही होऊ शकतं. आणि आजच्या मोठ्या ऑपरेशनांत काय देतात? झोपवणारं औषध, वेदनाशामक, आणि बऱ्याचदा स्नायू शिथिल करणारं औषध, तिन्ही. झोपवणाऱ्या औषधांत विसर पाडण्याचा गुण असतोच. म्हणजे आपण आपले दोन्ही साक्षीदार आधीच गप्प केले, आणि मग म्हणतो, साक्षीदार काही बोलले नाहीत.

कुणी म्हणेल, विसरलं ना, मग झालं तर! आठवत नसलेल्या दुःखाचं काय एवढं? अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी नेमका हा डाव टाकला आहे. १९७८ च्या ‘ब्रेनस्टॉर्म्स’ या त्यांच्या संग्रहात संगणकाला वेदना होऊ शकेल का यावर एक लेख आहे. त्यात ते विचारतात, समजा भुलेऐवजी क्युरारे दिलं आणि जोडीला आठवण पुसणारं औषध दिलं, तर काय बिघडलं? त्यांचा निष्कर्ष असा, की ‘वेदना’ या आपल्या रोजच्या कल्पनेतच विसंगती आहे. तिच्याबद्दल आपल्याला ज्या गोष्टी स्वयंसिद्ध वाटतात त्या सगळ्या एकत्र नांदूच शकत नाहीत.

डेनेट फार हुशार लेखक, मी त्यांना आवडीने शिकवलं आहे. पण इथे मला त्यांचं पटत नाही. पडताळणीची साधनं काढून घेतली की कल्पना विसंगत होते, असं नाही. बंद खोलीत दिवा चालू आहे की नाही हे बाहेरून कळत नसेल, तर ‘दिवा’ ही कल्पना गोंधळलेली आहे असं आपण म्हणत नाही. दाराला भोक पाडायचं बघतो.

आणि ‘आठवणार नाही, मग काय’ हा विचार पुस्तकातच राहिला असता तर ठीक होतं. तो प्रत्यक्षात वापरला गेला, नवजात बाळांवर. १९८० च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं कित्येक ठिकाणी स्नायू लुळे करणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड एवढ्यावर होत असत. कारणं दिली जात ती अशी, की त्यांचा मेंदू कच्चा आहे, जाणीव पुरती नाही, आणि मोठेपणी त्यांना थोडंच आठवणार आहे! पूर्ण भूल अशा बाळाला झेपणार नाही ही भीतीही होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती, हे सांगायला हवं. ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या कंवलजीत आनंद या भारतीय डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर १९८७ मध्ये दाखवून दिलं, की फेंटानिल हे जबर वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी कमी वाढतात आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी होते. बाळ बोललं नाही, बाळाला आठवणारही नव्हतं. शरीराने मात्र नोंद ठेवली होती. संप्रेरकं वाढली म्हणजे जाणीव होतीच असं तर्काने सिद्ध होत नाही, मान्य. पण पैज कुणाच्या जिवावर लावायची, हा प्रश्न उरतोच.

मग मेंदूतच बघू या ना, असं पहिले श्रोते म्हणतील. रास्त आहे. इथे गेल्या तीसेक वर्षांत फार सुंदर काम झालं आहे. आधी समजूत अशी होती, की सगळी भूल एकच. मायर आणि ओव्हर्टन या दोघांना १९०० च्या आसपास दिसलं, की जे औषध तेलात जितकं जास्त विरघळतं तितकी त्याची भूल कडक. म्हणून ते पेशीच्या मेदाच्या आवरणातच काहीतरी करत असणार. नंतर लक्ष प्रथिनांकडे गेलं. १९८४ साली फ्रँक्स आणि लीब यांनी दाखवलं, की काजव्याला उजेड देणारं प्रथिनसुद्धा भुलेच्या औषधांनी मंदावतं, आणि तिथे मेदाचा काही संबंध नाही. आज आपल्याला कळतं, की प्रोपोफॉल ‘गाबा’ नावाच्या रासायनिक दूताचे ग्राहक जास्त वेळ उघडे ठेवतं आणि पेशी शांत पडतात. केटामीन वेगळंच दार बंद करतं, ‘एनएमडीए’ नावाच्या ग्राहकाचं. डेक्समेडेटोमिडीन मेंदूच्या बुंध्यातल्या जागं ठेवणाऱ्या केंद्राला आवरतं. म्हणजे मुळात ‘बटण’ एक नाहीच.

प्रोपोफॉलने मेंदू बंद पडतो का? नाही. ईईजीमध्ये मोठ्या, संथ लाटा येतात, सेकंदाला एकाहूनही कमी, आणि त्यांच्यावर कपाळाच्या बाजूला सेकंदाला ८ ते १२ अशा एकसुरी लहरी. अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांवरून दिसलं, की पेशी बोलत असतात, पण प्रत्येक वस्तीची बोलायची वेळ वेगळी. एक जागी तेव्हा दुसरी निजलेली. वाड्यात सगळी बिऱ्हाडं आहेत, प्रत्येकाचं दार वेगळ्या वेळी उघडतं, त्यामुळे निरोप पोचतच नाही. आवाज कानातून मेंदूच्या पहिल्या ठाण्यापर्यंत जातोही, पुढे त्याचं काही होत नाही. म्हणून अनेक संशोधक म्हणतात, भूल मेंदूला विझवत नाही, त्याच्यातली एकी मोडते.

हे मला पटतं. पण इथेच टीकाकाराने जागं राहायला हवं. एकी मोडली हे मोजलं. ‘म्हणून जाणीव गेली’ हे मोजलेलं नाही, ते जोडलेलं आहे, आणि जोडताना आधार घेतला तो पुन्हा त्याच दोन साक्षीदारांचा, न हलणं आणि न आठवणं.

याचा ढळढळीत नमुना म्हणजे तो आकडा. ऑपरेशन थिएटरमध्ये कपाळाला पट्टी लावतात आणि पडद्यावर ० ते १०० मधला एक अंक दिसतो, त्याला बिस म्हणतात. ४० ते ६० म्हणजे ऑपरेशनला योग्य भूल. आता ऐका. २०१५ साली ऑस्ट्रेलियातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा जागे स्वयंसेवक, झोपेचं औषध अजिबात नाही, फक्त स्नायू शिथिल करणारं दिलं. माणसं टक्क जागी, आणि आकडा घसरून ६० च्या खाली! कारण यंत्र मेंदूबरोबर कपाळाच्या स्नायूंची वीजही वाचत होतं. उलट केटामीन दिलं तर माणूस भुलेत असतो आणि आकडा वर चढतो. यंत्र निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. औषध किती लागतंय याचा अंदाज घ्यायला ते डॉक्टरांना मदत करतं. पण त्याला ‘जाणिवेचा मीटर’ म्हणणं हा शुद्ध शब्दच्छल आहे.

मग दाराला भोक कुणी पाडलं? मायकेल टनस्टॉल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने, १९७७ साली, सिझेरियनच्या वेळी. युक्ती इतकी साधी की हसू येतं. स्नायू शिथिल करणारं औषध द्यायच्या आधी एका हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवायचा. औषध त्या हातात उतरत नाही. सगळं शरीर लुळं, तेवढा पंजा मोकळा. मग कानाशी जाऊन सांगायचं, ‘ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.’

काही जण दाबतात. २०१७ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीत, घशात नळी घातल्यावर विचारलं तेव्हा २६० पैकी १२ जणांनी दाबला. त्यांतल्या पाच जणांनी, दुखतंय का असं विचारल्यावर, पुन्हा दाबला. नंतर शुद्धीवर आल्यावर विचारलं तर यांपैकी एकालाही काही आठवत नव्हतं.

हे ऐकून घाबरू नका, आणि ऑपरेशन लांबणीवर टाकू नका. हे बहुतेक त्या काही क्षणांपुरतं असतं. जागं होऊन ते पुढे आठवणं तर फारच दुर्मीळ. ब्रिटन आणि आयर्लंडच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत अशा तक्रारी सुमारे १९,००० भुलांमागे एक अशा निघाल्या. पण त्याच पाहणीतला फरक बघा. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं होतं तिथे ८,००० मागे एक, दिलं नव्हतं तिथे १,३६,००० मागे एक. हलता येणारा माणूस वेळेवर सांगू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्यांना आठवत नाही ते या मोजणीत येतच नाहीत.

एक प्रयोग राहिला. २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेला. डोक्याला चुंबकाने टिचकी मारायची आणि मेंदूत उठणारा पडसाद किती गुंतागुंतीचा आहे ते मोजायचं. सहा जणांना प्रोपोफॉल, सहांना झेनॉन वायू, सहांना केटामीन. अठराही जण हाकेला ओ देईनात. पहिल्या दोन गटांत पडसाद साधा, घडा रिकामा असावा तसा. उठल्यावर त्यांनी सांगितलं, काही नव्हतं. केटामीनच्या गटात पडसाद जवळजवळ जाग्या माणसासारखा, आणि उठल्यावर त्यांनी लांबलचक, रंगीत स्वप्नं सांगितली. म्हणजे बाहेरून अठरा देह सारखेच, आतून सहा जण भलतीकडेच गेलेले. जगाशी संबंध तुटणं वेगळं आणि जाणीव जाणं वेगळं, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. प्रोपोफॉलच्या गटातही जाणीव खरंच गेली असेल, असं मानायला इथे पूर्वीपेक्षा जास्त आधार मिळतो, हेही मी कबूल करतो. पण बटणवाल्या युक्तिवादाने तो मिळवलेला नाही.

आता बाईंकडे वळू. भूल म्हणजे सुषुप्ती, असं त्या वेदान्ताच्या नावाने म्हणतात. त्यांनी ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं मूर्च्छेवरचं सूत्र आणि त्यावरचं शांकरभाष्य काढून बघावं. मूर्च्छा ही जागृती नव्हे, स्वप्न नव्हे, मरण नव्हे, आणि सुषुप्तीही नव्हे, असं आचार्य एकेक करून सांगतात. झोपलेल्याचा चेहरा शांत, श्वास एका लयीत. नुसता हात लावला तरी तो उठतो. मूर्च्छित माणूस मुद्गराने मारलं तरी उठत नाही. शेवटी ती अर्धवट अवस्था ठरते. आजचे भूलतज्ज्ञ हेच सांगतात. झोपलेल्याला हलवून उठवता येतं, झोपेचे टप्पे आपोआप फिरत राहतात. भूल ही झोपेपेक्षा परतीची वाट असलेल्या कोमाच्या जास्त जवळ. रुग्णाला धीर देताना ‘झोप लागेल’ म्हणतात, ते ठीक आहे.

शिवाय सुषुप्तीत साक्षी असतो, याला अद्वैती जो पुरावा देतात तो उठलेल्या माणसाचा: छान झोपलो, काही कळलं नाही. ही आठवण आहे, म्हणून अनुभव होता, असा तो युक्तिवाद. मी उठलो तेव्हा ‘छान’ही नव्हतं. काहीच नव्हतं. तेव्हा हा पुरावा भुलेला लागू करायचा तर निदान मी तरी त्याचा साक्षीदार होऊ शकत नाही.

आणि पहिल्या श्रोत्यांनो, तुमची भूल नैयायिकाला जराही हलवत नाही बरं का. न्यायमतात ज्ञान हा आत्म्याचा स्वभावच नव्हे, गुण आहे. मनाशी संयोग झाला तर उपजतो, नाही झाला तर नाही. गाढ झोपेत मन पुरीतत् नाडीत शिरतं आणि ज्ञान थांबतं, असं ते सांगतात. जाणीव नसलेला आत्मा त्यांना चालतो. त्यांच्यापुढे तुम्ही प्रोपोफॉलची बाटली ठेवलीत तर ते म्हणतील, बरोबर, आमचंच म्हणणं. नाडीची गोष्ट आज कुणी मानणार नाही, ते सोडा. पण ‘औषधाने थांबतं, म्हणून मेंदूच ते निर्माण करतो’ हे सिद्ध करायला ‘थांबतं’ एवढं पुरत नाही, हे त्यांच्याकडून शिकता येतं.

माझ्या त्या दोन तासांबद्दल आता मी घरी एवढंच म्हणतो, की मला आठवत नाही. बायको म्हणते, पाच मिनिटांत संपणारी गोष्ट होती, तुम्ही तीन वर्षं लावलीत. त्या डॉक्टर मुलीला विचारायचा प्रश्नही राहूनच गेला. आपल्यात कुणी भूलतज्ज्ञ ऐकत असतील तर त्यांनी जरूर लिहावं, की हात मोकळा ठेवून विचारणं रोजच्या कामात कितपत जमतं, आणि जमत नसेल तर अडचण कशाची येते. ती उत्तरं आली तर पुढच्या खेपेला तिथूनच सुरू करू. आता प्रश्न घेऊ या.